यंत्राचा कान

खान्देशात शहाद्याला मास्तर होतो तेव्हा माझ्या खोलीत जमीन ऐकायचं एक यंत्र होतं. हे सांगितलं की लोक माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघतात, म्हणून आधीच सांगून मोकळा होतो: ते मी स्वतः बनवलं होतं, ते चालत होतं, आणि त्याचा कुणाला काडीचाही उपयोग नव्हता.

लढाईची वर्षं होती. मी मूळचा सातारकडचा. बदली होऊन बायकोला घेऊन इकडे आलो तेव्हा इथली बोली आम्हा दोघांनाही कळेना. मला निदान शाळा होती. तिला दिवसभर भिंतींशी बोलावं लागायचं. म्हणून बॅटरीवर चालणारा एक जुना रेडिओ मी तिला आणून दिला. दुपारची ती तो लावून बसायची. खरखरीतून एखादं मराठी भजन सापडलं की मी घरी आल्यावर ते अर्धंमुर्धं म्हणून दाखवायची, आणि राहिलेलं अर्धं स्वतःच्या मनानं जोडायची. दुसऱ्या पावसाळ्यात ती हिवतापानं गेली.

त्यानंतर रेडिओ लावायचा मला धीर होईना, आणि विकायचंही मनात येईना. तो फडताळात बसून राहिला आणि मी त्याच्यासमोर. शेवटी एका रविवारी पेचकस घेतला आणि तो सगळा सुटा केला. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशातली गत. घरच्या घरी भूकंपमापक कसा करावा, यावर एका इंग्रजी मासिकात लेख वाचला होता, तेवढं निमित्त मला पुरलं. खरं कारण असं की खोलीतली शांतता मला सोसत नव्हती आणि माणसांचे आवाज त्याहून सोसत नव्हते. जमिनीचं चाललं असतं. ती काही बोललीच तरी “मास्तर, आता दुसरं लग्न कधी” असं विचारणार नव्हती.

यंत्र तसं सोपं होतं. मी राहायचो ती खोली मुळात कापूस साठवायला बांधलेली. भिंती जाड, भुई मातीची. त्या भुईत खोल खड्डा घेऊन मी विटांचा एक ठेंगणा खांब उभा केला. खांबाला दारासारखी झुलणारी लोखंडी कांब, आणि कांबेच्या टोकाला वाण्याच्या तराजूतलं पाच शेराचं वजन. जमीन हलली की खांब हलतो. वजन पडलं आळशी, ते जागेवरच राहतं. कांबेला रेडिओतल्या तारेचं वेटोळं बांधलं होतं. ते लोहचुंबकाच्या मध्ये जरा जरी हललं तरी तारेत विजेची बारीक लहर उठे. ती लहर रेडिओचे दोन व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या नळ्या, मोठी करत आणि एका जुन्या मीटरची सुई डावी-उजवीकडे हलवत. लहर किती मोठी करायची ते ठरवणारं बटण रेडिओचंच होतं, आवाज लहानमोठा करायचं. त्याच्याभोवती पुठ्ठ्याची चकती चिकटवून मी शून्यापासून दहापर्यंत आकडे घातले.

सगळं कसब त्या बटणात होतं. कमी ठेवलं तर यंत्र ठार बहिरं. जास्त ठेवलं तर रस्त्यानं जाणारी बैलगाडीसुद्धा भूकंप होऊन येई. हिवाळ्यात कापसातली सरकी काढायचं जिन सुरू झालं की त्याच्या इंजिनाच्या धडधडीपुढं तीनच्या वर जायची सोय नसे. आणि नऊवर गेलं की वेगळाच प्रकार. बाहेर काही म्हणता काही नसताना सुई आपली आपणच थरथरायची. ती व्हॉल्व्हच्या पोटातली खरखर. ऐकण्यासारखं काही उरलं नाही की यंत्र स्वतःचंच ऐकायला लागतं. हे मी वाचलेलं होतं, तरी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घाईघाईनं बटण मागं फिरवलं. मला ते आवडलं नाही.

लढाईमुळं बॅटरी मिळेना. त्यामुळं यंत्र दिवसभर चालू ठेवणं शक्य नव्हतं. चैत्र-वैशाखातल्या दुपारी मात्र मी ते हमखास लावायचो. शाळा सकाळची असे, जिन बंद पडलेलं असे आणि उन्हाच्या तडाख्यात गाव निपचित पडे. बैलसुद्धा पाय हलवायला राजी नसत. खोलीत मी आणि सुई. तिनं एकदा तरी खराखुरा लांबचा भूकंप दाखवावा, एवढीच माझी इच्छा होती. वर्षं जात होती आणि ती काही दाखवत नव्हती.

गावात अर्थातच माझी टिंगल चाले. “मास्तर भुईसंगे बोलस,” असं पोरं माझ्यादेखत म्हणत. कुणाच्या गोठ्याची भिंत पावसानं बसली तर तिचंही खापर माझ्या यंत्रावर फुटलं. मी तिकडे कानाडोळा करायचो. टिंगल करणारा माणूस निदान दोन हात लांब उभा राहतो.

घरमालकीणबाई मात्र लांब राहिली नाही. ही पन्नाशी उलटलेली विधवा, घरची शेती असलेली. तिचं घर आणि माझी खोली यांच्यामध्ये एकच अंगण, अंगणात एक मोठा कडुलिंब. मी तिला मावशी म्हणायचो. एरवी ती माझ्या वाटेला जात नसे. एका दुपारी ताकाचा गडू घेऊन आली आणि उंबऱ्यातच थबकली.

“मास्तर, हाई काय शे?”

मी सांगितलं, जमीन हललेली दाखवतं. तिचा विश्वास बसला नाही. ती आत आली तसा तिच्या वजनानं मातीच्या भुईला किंचित कल आला आणि सुई सरकली. ती मागं झाली, सुई परत आली. पुन्हा पुढं झाली, सुई पुन्हा सरकली. ती तोंडाला पदर लावून हसली.

“हाई मले वळखस.”

ओळखत नाही मावशी, नुसतं वजन कळतं, असं मी म्हणालो. ते तिनं ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. माझं बोलणं ती नेहमीच असं सोडून द्यायची. तिचं लक्ष बटणाकडे होतं. ते कशाला, असं विचारल्यावर मी जरा अडलो. इंग्रजीत त्याला गेन म्हणत, मराठीत काय म्हणावं मला सुचलं नव्हतं. मी म्हणालो, हे असं फिरवलं की याला जास्त लांबचं कळतं.

“म्हणजे येना कान,” ती म्हणाली.

तेव्हापासून त्या बटणाला कान हेच नाव पडलं. इतकी वर्षं मी मुलांचे कान पिळत आलो होतो ते त्यांनी ऐकावं म्हणून. यंत्राच्या बाबतीत निदान ते खरं तरी होतं.

ती दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तिसऱ्या दिवशीही आली. काही निवडटिपण घेऊन यायची, खांबापासून मी दाखवलेल्या जागी बसायची आणि मधूनच सुईकडे बघायची. आम्ही फारसं बोलत नव्हतो. तिची अहिराणी मला एव्हाना कळू लागली होती आणि माझं पुस्तकी मराठी ती चालवून घेत होती. बायको कशानं गेली ते तिनं विचारलं, मी सांगितलं. शेवटी काय बोलली ते विचारलं, तेही सांगितलं. तोवर मला हे कुणी विचारलं नव्हतं. दुपारचे दोन वाजत आले की मी दाराकडे बघायला लागलो. शाळेत पोरांना गणित घालून मी घड्याळ बघत बसे, हे मुख्याध्यापकांच्याही लक्षात आलं होतं.

ती का येते ते मला उशिरा कळलं. तिला एकच मुलगा होता. बापाच्या माघारी काकाशी शेतावरून भांडला आणि खापर गावच्या रस्त्यानं गुजरातेत निघून गेला. कुणी म्हणे सुरतेच्या गिरणीत आहे, कुणी म्हणे बोटीवर चढला. कित्येक आखाज्या, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीया, उलटल्या, पत्ता नाही. लहानपणी झाडावरून पडल्यामुळं तो एका पायानं अधू होता.

“मन्हा आंडोर डावा पाय वढीसन चालस,” ती मला म्हणाली. “हजार माणूसमा मी त्याना पाय वळखसू. लांबनी भुई हालनी ते हाई सांगस, मंग त्याना पाय काब्र नही सांगाव?”

यंत्र त्याचा पाय का सांगणार नाही, ते मी समोर फळा असल्यासारखं समजावून सांगितलं. माणसाचा पाय या अंगणापलीकडचा कळत नाही. भूकंप केवढा, पाऊल केवढं. तिनं सगळं ऐकलं, सुपातले खडे वेचले आणि म्हणाली, “मंग कान जास्ती पिळा.”

आखाजी जवळ आली होती. खान्देशात आखाजीएवढा दुसरा सण नाही. सासरच्या मुली माहेरी येतात, कामाला गेलेले पुरुष घरी परततात, झाडांना झोके लागतात. आमच्या लिंबालाही लागला. संध्याकाळी पोरी झोका घेत तेव्हा झाडाची मुळं खोलीच्या भुईखाली हलत आणि सुई त्यांच्याबरोबर झुले. मला तो मोठा ताप होता. आणि त्याच दिवशी गेलेल्यांची घागर भरतात. नवी मातीची घागर पाण्यानं भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, नि आंबे ठेवायचे, आणि माणसाचं नाव घेऊन चुलीतल्या निखाऱ्यावर पुरणपोळीचा घास टाकायचा. आमच्याकडेही त्या दिवशी पाण्याचा कुंभ देतात. बायको गेल्यापासून मी दिला नव्हता. कुणी विचारलं तर म्हणायचो, एकट्या पुरुषाला कुठं जमतंय.

सणाच्या आधी चार-पाच दिवस मावशीचा दीर, पोरगा ज्याच्याशी भांडला तोच काका, तिच्या ओट्यावर येऊन बसला. तो मुद्दाम मोठ्यानं बोलत होता, मला ऐकू जावं म्हणून असेल.

“वहिनी, आते तरी पोरना नावनी घागर भर. किती वाट दखशी? चार लोक काय म्हणतीन?”

घागर भरली की पोरगा गेल्यात जमा. मग शेताचाही प्रश्न आपोआप सुटणार होता, हे त्याला ठाऊक होतं आणि तिलाही.  दीर उठून गेला तशी ती उन्हातून सरळ माझ्या खोलीत आली आणि खाली बसली. हातात निवडायला काही नव्हतं.

“कान पिळा, मास्तर. आखाजीलोंग.”

एवढंच म्हणाली. आखाजीपर्यंत. त्या चार दिवसांत काही कळलं नाही तर ती पोराला मेला म्हणणार होती. मी बटण नऊवर नेलं. त्यात काही अर्थ नव्हता, बॅटरी भराभर उतरणार होती, आणि खरोखरच काही आलं असतं तर त्या नऊवर मला मोजता आलं नसतं. पण “नाही” म्हटलं असतं तर ती उठून गेली असती. मला ती उठून जायला नको होती.

सण दोन दिवसांवर आला होता. भर दुपार. सुईची ती नेहमीची रिकामी थरथर चालली होती. तिच्यात मला काहीतरी वेगळं दिसलं, एक बारीक, नेटकं कापरं. मी उठून खिडकीतून लिंबाकडे पाहिलं. झोका मोकळा लटकत होता. रस्त्यावर गाडी नव्हती. मागं वळलो तोवर सुई हळूहळू डावीकडे निघाली, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे, प्रत्येक खेपेला जास्त. त्या झोक्यात घाई नव्हती. असा संथ, लांबलचक झोका माणूस, बैल, इंजिन कुणीच देत नाही. कुठंतरी फार लांब जमीन फाटली होती आणि तिची लहर माझ्या पायाखालून जात होती. 

सुई तिला अडवायला दोन्हीकडे बसवलेल्या पितळी खुंट्यांवर आपटू लागली. बटण चारवर आणलं असतं तर ती खुंट्यांच्या आत राहिली असती, मला लहर मोजता आली असती, पहिली कधी, मोठी केवढी, सगळं. मी हात पुढं केला. मावशीनं मनगट धरलं.

“कान सोडू नका. आयका.”

उजवी खुंटी थोडी ढिली होती. डावीकडे टक्क असा आवाज येई, उजवीकडे दबका. टक्क, टुक. टक्क, टुक.

“डावा पाय,” ती म्हणाली.

तिचा चेहरा मी पाहिला आणि हात मागं घेतला. माझा भूकंप माझ्या डोळ्यांदेखत न मोजता निघून गेला. सुई शांत व्हायच्या आतच ती उठली आणि घरी गेली.

मी तिथंच बसलो. आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. यंत्र खरं ठरलं होतं. पण सांगायला कुणी नव्हतं. एक माणूस होतं आणि त्याला निराळंच काही ऐकू आलं होतं. उन्हं कलायला लागली तशी तिच्या घरातून पुरण शिजल्याचा वास आला. पोराला मांडे आणि आंब्याचा रस आवडायचा, ती मला मागे बोलली होती. पोरगा वाटेवर आहे असं धरून ती रांधायला लागली होती. गप्प राहिलो तर ती वाट बघत बसेल, आणि रोज दुपारी यंत्रापाशी येत राहील. खरं सांगितलं तर पोराची घागर भरेल, आणि माझ्या खोलीत परत येण्याचं तिला कारण उरणार नाही. मी हे दोन्ही बाजूंनी पुष्कळ तोललं आणि दर वेळी माझंच पारडं जड होतंय हे दिसत होतं. शेवटी चपला घातल्या.

ती चुलीपुढं होती. चुलीवर खापर पालथं घातलेलं आणि हातांवर मोठा होत चाललेला मांडा. भिंतीशी पाट मांडून ठेवला होता.

“मावशी,” मी म्हणालो, “दुपारी जे झालं तो भूकंप होता. तुमचा मुलगा नव्हता.”

तिनं मांडा खापरावर टाकला. तो भाजून होईपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही.

“कोठे व्हयना?”

“ते यंत्राला सांगता येत नाही.”

“सुरतकडे?”

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी तिची आशा काढून घ्यायला आलो होतो आणि तिच्या हातात नवी भीती देऊन बसलो. घाईनं म्हणालो, “नाही, नाही. सुरतेकडे असता तर आपल्या पायांनाच कळला असता. भांडी वाजली असती. यंत्राला कान पिळून ऐकावा लागला, म्हणजे तो फार लांबचा.”

तिनं मांडा दुमडून ताटात ठेवला. दुसरा हातावर घेतला नाही. 

“जवळ ऱ्हाता ते कान पिळना पडता नही,” ती म्हणाली. “खरं शे. मन्हा आंडोर बी लांबच शे. लांब शे, मास्तर, मरेल नही. मी त्यानी घागर भराव नही. जेठ-देर काय म्हणतीन ते म्हणतीन.”

मी मान हलवली. मला सुटल्यासारखं झालं आणि मी जायला वळलो.

“घागर तुमी भरा,” ती मागून म्हणाली. आवाज चढा नव्हता, चुलीत लाकूड सारता सारता बोलावं तसा होता. “तुमन्ही बाई लांब नही शे. ती मरेल शे. तिनासाठे तुमी कितला कान लायसन बठशात?”

 मी भूकंपासाठी बसतो, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं पाटाकडे बोट केलं. मी बसलो, तिनं वाढलं, आणि दुसऱ्याच्या नावानं केलेले ते मांडे मी जेवलो. आम्ही दोघंही रडलो नाही. रस फार गोड होता.

आखाजीच्या सकाळी माझ्या उंबऱ्यात कोरी घागर ठेवलेली होती. तिच्या ओट्यावरही एकच होती, नवऱ्याची. दीर येऊन बघून गेला, मोठ्यानं काही बोलला, आणि तिनं ते सोडून दिलं. मग ती माझ्याकडे आली. घागरीवर डांगर कसं बसवायचं ते दाखवलं, माझ्या चुलीत निखारे फुलवले, पुरणपोळीचा तुकडा तूप लावून माझ्या हातात दिला.

“नाव घ्या,” ती म्हणाली.

बायको असताना नाव घेण्याची आमच्याकडे रीत नव्हती, मी तिला “अगं” म्हणायचो. ती गेल्यावर घ्यायची वेळच आली नव्हती. या गावात तिचं नाव कुणाला माहीत नव्हतं, मावशीलासुद्धा नाही. माझ्या तोंडून ते निघेना. मावशी घाई करत नव्हती, ती निखाऱ्यांकडे बघत उभी होती. मी मोठ्यानं नाव घेतलं आणि घास टाकला.